गुडघ्यातली गादी आणि मागचा जिना

"कुणाची आहे ती गादी? काही चौकशी केलीस का?" सासूबाईंनी विचारलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गादी म्हणजे गुडघ्यातला मेनिस्कस. माझा फाटला होता. पहिल्या ऑपरेशनात डॉक्टरांनी तो जवळजवळ सगळा काढून टाकला, मग हाडावर हाड घासायला लागलं. चाळिशीही गाठली नव्हती मी, आणि उठताना भिंत धरायची. आता डॉक्टर म्हणत होते, मृत दात्याची, तुमच्या मापाची गादी मिळतेय, बसवू. नाहीतर गुडघा कायमचा जाईल. आणि घरात चर्चा कशाची, तर दात्याच्या जातीची!

"कुणाचं तरी अंगात घालून माझ्या देवघरात येणार तू?"

अहो, पण गुडघा फाटला कशानं? दुष्काळाची वर्षं ती. शहर चहूकडं वाढत होतं आणि लष्करी छावणीजवळच्या आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. आमची बोअर आटली. मागच्या गल्लीतल्या मुसलमान खालांची चालू होती. मी संकोचत विचारलं तर म्हणाल्या, "ले जाव बेटा, पानी को भी पूछते क्या?"

त्या पाण्यानं आमचे देव न्हाले, आमचं वरण शिजलं. सासूबाईंची अट एकच: हंडा मागच्या लोखंडी गोल जिन्यानं आणायचा. समोरच्या जिन्यावर चुलतसासूबाईंचं बिऱ्हाड, त्यांना कळायला नको. त्या अरुंद जिन्यावर भरला हंडा घेऊन वळताना माझा गुडघा पिरगळला. कट्‌कन आवाज झाला. तरी हंडा सोडला नाही मी, मूर्खच!

गादीवरून वाद झाला त्या दिवशी मी हे सगळं सासूबाईंच्या तोंडावर बोलले. नवरा पेपर वाचत होता.

"पाणी कुणाचं, ते विचारलंत का तेव्हा?"

सासूबाई म्हणाल्या, "ठाऊक होतं, म्हणून तर मागच्या जिन्यानं आणायला लावलं."

म्हणजे माझा गुडघा गेला तो यांच्या अब्रूपायी! मी ऑपरेशनचं संमतीपत्र ओढलं आणि सही ठोकली.

गादी बसून वर्ष झालं. कुणाची, मला ठाऊक नाही. त्या माणसाला रोज हात मात्र जोडते. परवा पुन्हा नळ गेला. खालांकडून छोटी कळशी भरून घेतली आणि समोरच्या जिन्यानं चढले. चुलतसासूबाई दारातच होत्या.

"पाणी कुठनं आणलंस गं?"

"खालांच्या बोअरचं," मी म्हणाले. वर सासूबाईंना ऐकू जाईल, एवढ्या मोठ्यानं.