दॉकजाची चुगली कोणी केली?

सरकारी आरोग्य तपासणीची तारीख आली की मोकपोच्या बाजारातल्या बायका आठवडाभर आधी संन्यास घेतात. उकडलेला कोबी, जवाचा भात, गोडाला हात नाही. दॉकजा तर या संन्यासिनींची महंतच! एरवी आपल्या दुकानातल्या शिखेचं, म्हणजे भाताच्या गोड पेयाचं, प्रत्येक पातेलं ती स्वतः चाखे, आणि चाखणं म्हणजे वाडगाभर. तहान भागत नव्हती, तळपाय बधिर होत होते, पण ती बोलेल तर शपथ! सुनेला, मीयॉनला, कळलं तर चाखायचा डाव हातातून गेलाच. आणि डाव गेला की दुकान गेलं.

यंदाही उपाशीपोटीची साखर ठीक निघाली. दॉकजा मनात हसली. मग स्तनांचा एक्स-रे झाला आणि डॉक्टरीणबाईंनी तिला आत बोलावलं.

"आजी, गाठबीठ काही नाही, घाबरू नका. पण या पांढऱ्या दुहेरी रेघा बघा. शिरांच्या भिंतींत चुना बसलाय. वयानंही बसतो, पण साखर असली की जास्त. मधुमेह आहे का?"

दॉकजाचे डोळे बारीक झाले. "सुनेचा फोन आला होता ना तुम्हाला?"

"नाही हो!"

"मग मासेवाली बुन्ये बोलली असेल. तिच्या पोटात बोंबीलसुद्धा राहत नाही."

"आजी, कोणी नाही बोललं. गेल्या तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी करू. हृदयही बघून घेऊ."

त्या तपासणीपुढे आठवडाभराचा कोबी काय टिकणार? साखर भरपूर निघाली.

घरी येताच दॉकजा सुनेवर घसरली, "मनासारखं झालं ना तुझ्या?"

"आई, रात्री तुम्ही कितीदा उठता ते मला ऐकू येतं. सांगायचंच असतं तर केव्हाच सांगितलं असतं."

"म्हणजे पाळत होतीच!"

दुसऱ्या दिवशी पातेलं उकळलं. दॉकजानं डाव उचलला, नाकाशी नेला, बराच वेळ धरला आणि सुनेपुढे केला. मीयॉननं चाखलं. पुन्हा चाखलं. तिसऱ्यांदा हात गेला तशी म्हातारीनं डाव हिसकावला.

"पुरे! चवीला एक थेंब लागतो. पुढच्या तपासणीला तूही चल, आणि कोबी न खाता चल. या डावाचा मला आता भरवसा नाही."