डाव्या सीटवरचा कप

मेश्राम भाऊजी मला त्यांच्या गाडीत डाव्या सीटवर बसवायचे आणि हातात चहाने काठोकाठ भरलेला कप द्यायचे. गाडी गल्लीतून निघायची, कोपऱ्यावरच्या गतिरोधकावर चढून उतरायची. मग ते विचारायचे, "सांडला का, वहिनी?"

"सांडला नं. सारं पातळ ओलं झालं."

"किती सांडला?"

"आता किती म्हणजे काय सांगू? बशी भरली अन् मी भाजली."

मग ते गाडी मागे घेऊन फाटकात लावायचे, जॅकवर चढवायचे आणि खाली शिरायचे. प्रतापनगरातल्या आमच्या गल्लीत लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं आणि शेजारची म्हातारी त्याला सामील झाली. म्हणोत. ती डावी सीट त्यांच्या बायकोची, शकुनची. तिला पुन्हा पुन्हा बसवणं शक्य नव्हतं, म्हणून मी. "तुमचं अन् तिचं वजन सारखं आहे," ते म्हणायचे. मी तोंडावर सांगितलं होतं, "होतं. आता ती अर्धीही उरली नाही." त्यांनी ते ऐकलं आणि कप पुढे केला.

भाऊजींना जाऊन आता वर्ष होत आलं. कोणी त्यांच्याबद्दल लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते आहे. मी शाळा चौथीपर्यंत शिकले, तेव्हा शब्द साधेच येतील.

ते वीज केंद्रात मीटर दुरुस्त करायचे. निवृत्त झाल्यावर एका साहेबाची जुनी परदेशी गाडी घेतली. लाल, दोन दारांची, जमिनीला टेकलेली. पळवायची गाडी. मी म्हटलं, या वयात ही कशाला? पण शकुन त्यात बसली आणि तिला ते बटण सापडलं. ते दाबलं की हिरवा दिवा लागायचा आणि गाडी नरम व्हायची. पुन्हा दाबलं की कडक. चारही चाकांवरच्या, धक्के झेलणाऱ्या शॉकअपच्या डोक्यावर चुन्याच्या डबीएवढी एकेक मोटर होती. सीटखालच्या डब्यातून हुकूम सुटला की मोटर आतली दांडी फिरवायची. हे सगळं भाऊजींनी मला इतक्यांदा सांगितलं की आता मलाही पाठ आहे. शकुनला त्याचं काही नव्हतं. ती बटण दाबायची आणि म्हणायची, "पाह्य बाई, कापसाच्या गाठोड्यावर बसल्यासारखं वाटून राहिलं."

पुढे ते सगळं बंद पडलं. गाडी कायमची कडक झाली आणि पोर्चमध्ये उभी राहिली. त्यानंतर शकुनला ते गाठीचं दुखणं झालं. हाडांत उतरलं. डॉक्टर म्हणाले, पाठीला धक्का बसू देऊ नका. आमच्याकडचे रस्ते सिमेंटचे. दिसायला गुळगुळीत, पण प्रत्येक जोडावर गाडी धक्का देते. ऑटोतून दवाखान्यात नेलं तेव्हा तिने पदर दातात धरला होता. परत आणलं तेव्हा पदर फाटला होता.

तिला एकच गोष्ट हवी होती. उमरेडकडच्या खेड्यात तिचा मोठा भाऊ. आई गेल्यावर त्यानेच तिला वाढवलं. साखरेच्या आजाराने त्याचे डोळे गेलेले, एक पाय कापलेला. तो येऊ शकत नव्हता आणि मोबाइलवर तिला पाहू शकत नव्हता. "माह्या तोंडावरून हात फिरवन तो," ती म्हणायची. "एकडाव दादाले भेटली का मी मोकळी." अँब्युलन्समधून नेऊ म्हटलं तर ऐकेना. "मुडद्यासारखी माहेरी नाही जात मी. याहिच्या गाडीत जाईन."

तेव्हा भाऊजी गाडीला लागले.

त्यांचं एक बोलणं होतं, "होऊनच राहिलं, वहिनी." मी विचारलं गाडी कुठवर आली, की "होऊनच राहिलं." दुसरं होतं, "कंपनीनं देलं तसंच पाहिजे." चौकातला मिस्त्री येऊन म्हणाला, काका, हे सगळं काढून टाका, साधे शॉकअप बसवून देतो. भाऊजींनी त्याला पाणीही विचारलं नाही. "त्या शॉकअपवर तिले नेऊ? मालाचा टेम्पो आहे का?"

सीटखालचा डबा त्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडला. आतले फुटलेले भाग काढून नवे बसवले, कथिलाचे डाग दिले. घरात फोडणीऐवजी त्याचाच वास. तीन मोटरी चालू झाल्या. चौथी, डाव्या पुढच्या चाकाची, हलेना. आणि कंपनीने असं केलं होतं की एक मोटर मेली की डबा बाकीच्या तिघींनाही कडक करून टाकतो. नेटवरून परदेशातून एक जुनी मोटर मागवली. ती आली तीच मेलेली. त्या दिवशी ते पायरीवर बसून राहिले. हात काळे, तसेच गुडघ्यांवर.

भावाचा फोन यायचा. शकुन स्पीकरवर ठेवायची.

"निघाली का वं?"

"निघतोच आम्ही, दादा. गाडी होऊनच राहिली."

तिनेही नवऱ्याचा शब्द उचलला होता. फोन ठेवल्यावर ती भिंतीकडे तोंड करायची. मला राग यायचा. मी बाहेर जाऊन सुनवायचे, "भाऊजी, ती मरून राहिली अन् तुम्ही पेच पिळून राहिले. कशीही न्या, पण न्या." ते गाडीखालून म्हणायचे, "बसा जरा. कप आणतो."

एकदा शकुन मला म्हणाली, "त्याहिले बोलू नको, बाई. गाडी होत नाही तोवर मी आहे." मला वाटलं, तिचा नवऱ्यावर विश्वास आहे. मी पुढे सांडला का, विचारलं नाही.

ती दुपारी गेली. मी पाणी पाजायला गेले होते. पाणी तोंडात राहिलं, आत गेलं नाही. बाहेर भाऊजी गाडीखाली, फक्त पाय दिसत होते. हाक मारावीशी वाटेना. मी त्यांचा पाय धरून ओढला. ते बाहेर आले, माझ्याकडे पाहिलं आणि हातातला पाना नीट पुसून हत्यारांच्या पेटीत ठेवला. मग घरात गेले.

शकुनच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्यासाठी आलेली त्यांची लेक तिच्या घरी परतली. मला वाटलं, आता गाडी भंगारात जाईल. पण पुन्हा ठोकठोक सुरू झाली. दोन्ही मेलेल्या मोटरी फोडून त्यांनी त्यातून एक जिवंत केली. मग एका सकाळी फाटकाशी उभे राहिले. हातात कप.

मी बसले. त्यांनी बटण दाबलं, हिरवा दिवा लागला. गतिरोधक आला आणि गेला.

"सांडला का?"

"नाही."

त्यांनी गाडी कडेला थांबवली. मग म्हणाले, "वहिनी, मोटर नसती तरी जमत होतं. डब्याची वायर काढाची अन् आतली दांडी पान्यानं फिरवाची. शॉकअप नरमच राहते. फक्त बटण चालत नाही."

"हे कवापासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"मग काहून नाही केलं?"

"ती म्हणे, दादाले भेटली का मी मोकळी." ते समोर पाहत होते. "मोकळी होऊन कुठं जाणार होती ती? तुम्हीच सांगा."

"न भेटताच गेली नं."

"हो."

चहा माझ्या हातात थंड झाला. मला त्यांना शिव्या द्यायच्या होत्या. माझ्याजवळ पुष्कळ होत्या. मी म्हटलं, "भाऊ आहे अजून. चला."

आम्ही तसेच निघालो. रस्त्यात एकही धक्का बसला नाही, हे मी खोटं लिहीत नाही. तेच सहन होईना. प्रत्येक जोड यायचा आणि पाठीला कळायचंही नाही.

भाऊ खाटेवर होता; शकुन गेल्याचं त्याला फोनवर कळलेलं. गाडीचं दार लागलेलं त्याने ऐकलं आणि मान वळवली. भाऊजी त्याच्या पायाशी बसले, जिथे एकच पाय होता. त्याने चाचपडत त्यांचा खांदा धरला.

"जवाई, काहून उशीर केला गा? मी रोज दाराकडे कान लावून होतो."

"गाडी तयार नव्हती, दादा."

आंधळ्या माणसाने तोंड माझ्याकडे केलं. "खरं का, बाई?"

मी जन्मभर लोकांच्या तोंडावर खरं बोलत आले. त्यासाठी शेजारणी तोडल्या, सुनेला दुखावलं. भाऊजी खाली पाहत होते, हात गुडघ्यांवर, त्या दिवशी पायरीवर होते तसेच.

"खरं आहे," मी म्हटलं. "तयारच नव्हती."

त्या घरच्या सुनेने चहा आणला. घरात काही हलत नव्हतं, जमीन शेणाने सारवलेली, सपाट. मी कप उचलला आणि अर्धा चहा बशीत सांडला. भाऊजींनी पाहिलं. विचारलं नाही.