परवान्याच्या बाजूचे वकीलभाऊ

"बंद शे ना? मंग बठ्ठं मियस कसं?"

चष्मा कपाळावर सरकवून वकीलभाऊ विचारायचे. बंद आहे, तर मग सगळं मिळतं कसं? चोपड्याच्या कोर्टासमोर माझं टायपिंगचं दुकान. तुम्ही कधी तिथल्या बाकावर टेकला असाल, तर हा प्रश्न तुम्हालाही विचारला गेला असेल.

त्यांचे पक्षकार दोन तऱ्हेचे. कुणी सातपुड्यात गांजासकट धरलेला, कुणी गावठी कट्ट्यासकट. "दोघांच्या आया सारख्याच रडतात," असं म्हणायचे आणि जामीन झाला की त्या आईला स्वतः एसटीत बसवून द्यायचे.

त्यांच्याशी वाद घालायला निवृत्त हवालदार नाना असायचे.

"मग काय, बंदुका बाजारात मांडायच्या?"

"मांडू नका. परवाना द्या, नोंद ठेवा. शेत जाळलं की गांजा पुढच्या नाल्यात उगवतो. भट्टी मोडली की कट्टा पलीकडच्या टेकडीमागे घडतो. बंदीनं माल थांबत नाही, नाना. गरीब तेवढा आत जातो."

"गांजा ओढणारा स्वतःचं वाटोळं करतो. गोळी दुसऱ्याला लागते."

यावर भाऊ चहा मागवत. मुद्दा लागला, असं आम्ही समजायचो.

भाऊंचा एक मित्र केळीवाला शेतकरी, रानडुकरांनी बेजार झालेला. चोरून कट्टा घेण्यापेक्षा हे बरं, म्हणून बंदुकीच्या परवान्याचा अर्ज भाऊंनीच सांगितला, मी टाइप केला. परवाना मिळाला तेव्हा भाऊंनी बाकावर पेढे वाटले. "घ्या नाना, हा आपला पुरावा."

त्याच मित्रानं धुळ्याला, भाऊंच्या भाच्याच्या हळदीत, डीजेसमोर हवेत बार काढायला बंदूक उचलली. नाचणाऱ्यांतल्या कुणाचा तरी धक्का लागला. गोळी नवरदेवाच्या धाकट्या बहिणीच्या पाठीत शिरली. बंदूक कायद्यातली होती, माणूसही चांगला होता. पोर वाचली, पण कमरेखालचं अंग गेलं.

मित्राची बायको जामिनासाठी भाऊंच्याच दारात आली. दुसरं कोण होतं तिला? भाऊंनी तिला पाणी दिलं, दुसऱ्या वकिलाकडे नेऊन सोडलं आणि स्वतः त्या वकिलाच्या पायरीवरच बसून राहिले.

नंतर एकदा ते दुकानात आले. बाकावर नाना होते. आता नाना काय बोलतात, याची मला धास्ती वाटली.

"भाऊ," नाना हळूच म्हणाले, "परवाना नसता तर त्यानं कट्टा आणला असता. तुमचंच बरोबर होतं."

भाऊंनी चष्मा काढून बाकावर ठेवला. "नाना, तुम्ही तरी तुमचंच बोला ना. माझं मला बोलता येत नाही. तुमचं तुम्ही सोडून दिलं. मग मी आता धरू काय?"

चहा आला, तसाच निवला.

भाऊंनी वकिली सोडली आणि ते धुळ्याला बहिणीकडे राहायला गेले. दिवाळीनंतर नाना आणि मी भेटायला गेलो. भाची पलंगावर पडून खिडकीबाहेर बघत होती. पायांशी बसून भाऊ तिच्या तळव्यांना तेल चोळत होते. आम्हाला पाहून ते थांबले, हात पुसून त्यांनी आमच्यासाठी खुर्च्या ओढल्या.

"आज काही कळतंय का गं बेटा?" खुर्चीवर हात ठेवून तिथूनच त्यांनी विचारलं.

"हो मामा, आत्ता कळतंय," खिडकीवरची नजर न काढता ती म्हणाली. "तसंच चोळत राहा."