बाजूनं आलेला हात

"नाव काय का असंना, सर, हात कुठनं येतोय तेवढं सांगा," असं म्हणत तो मनगटं चोळत समोर उभा राहायचा.

महाडात आमचा आयकिडोचा वर्ग एका मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरतो. मी शाळेत गणित शिकवतो. पन्नाशीत कंबर धरली म्हणून तिथे गेलो आणि त्या जपानी नावांच्या प्रेमात पडलो. दोनशे पानी वही भरली. माझा सरावाचा जोडीदार मात्र मूळचा वरंधचा, कारखान्यात ऑपरेटर, बिरवाडीला खोली घेऊन राहणारा. त्याला एक नाव येईल तर शपथ! मनगट उलटं पिळायच्या कोतेगाएशीला तो 'किल्ली' म्हणायचा, माणूस गोल फिरवून टाकायच्या कायतेन-नागेला 'जातं'. सगळा वर्ग हसायचा. मीही हसायचो, दात दाखवण्यापुरता.

कारण डाव करून दाखवायचा झाला की सेन्सेई, म्हणजे आमचे गुरुजी, 'उके' म्हणून त्यालाच बोलवायचे. उके म्हणजे हल्ला करणारा आणि मग पडणारा. तुम्ही म्हणाल, पडण्यात कसला आलाय मान? एकदा त्या चटईवर बसून बघा. तो पडायचा तेव्हा आवाजसुद्धा व्हायचा नाही. मी पडलो की खालच्या मजल्यावरचे आचारी छताकडे बघायचे. मी जळायचो, सरळ सांगतो.

मग बिरवाडीत मुलांचा वर्ग काढायचं ठरलं. आम्हा दोघांत परीक्षेत जो सरस ठरेल, त्याच्याकडे तो वर्ग जाणार होता.

पुण्याहून परीक्षक आले. त्याचा उके मी होतो. नाव पुकारलं की मी त्या नावाचा हल्ला करायचा आणि त्यावरून त्यानं डाव ओळखायचा, असं आमचं नेहमीचंच होतं. परीक्षक म्हणाले, "शोमेन." म्हणजे समोरून, थेट कपाळावर. मी नीट ऐकलं, मला बरोबर समजलं, आणि मी हात बाजूनं घातला. त्यानं मला अलगद खाली ठेवलं.

"थांबा. हा योकोमेन झाला. चूक कुणाची?"

मी उठून पट्टा आवळायला लागलो.

"माझी," गुडघ्यांवर बसत तो म्हणाला. "मला नावं येत नाय. मीच सरांना बोललो, बाजूनं मारा."

त्याला पुढच्या वेळी यायला सांगितलं. वर्ग मला मिळाला.

पहिल्या दिवशी तो बिरवाडीच्या वर्गात आला. कंपनी त्याला गुजरातला पाठवत होती, संध्याकाळी वीर स्टेशनवरून गाडी होती. मुलांच्या मागे बसून त्यानं वाकून मला 'सेन्सेई' म्हटलं. मी त्याला रिक्षापर्यंत सोडायला गेलो. माफी मागायची होती, पण "त्या दिवशी..." एवढंच तोंडातून निघालं.

"जाऊ द्या ओ सर," बॅग मांडीवर घेत तो हसला. "पण हात झ्याक होता हां. दोन वर्षांत तुमचा तेवढा एकच हात खरा आला."

रिक्षा निघाली. इतकं सहज सोडून देता येतं या माणसाला, म्हणून मी रस्त्यात उभा राहून पुन्हा त्याच्यावर जळलो.