फ्रीडाचं दुसरं टेबल

ब्रॅकनशॉमध्ये हल्ली कुणी 'नवउद्योजकांना प्रोत्साहन' म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. शब्द वाईट नाहीत, पण ज्यांच्या तोंडी ते आहेत त्यांनी ते उच्चारू नयेत. आमच्या या इंग्लंडच्या लँकेशरमधल्या गावात नव्या माणसाला धंद्यात कुणी उभं केलं असेल, तर फ्रीडा एन्टविसल नावाच्या चीजवालीनं. तिनं असला शब्द उभ्या जन्मात वापरला नाही. वापरायची वेळ आली असती तर आधी स्वतःच हसली असती.

फ्रीडा मार्केट हॉलमध्ये चीज, लोणी आणि अंडी विकायची. माझा किल्ल्या करून द्यायचा ठेला तिच्या बरोब्बर समोर, त्यामुळे माझं अर्धं आयुष्य तिचा आवाज ऐकण्यात गेलं. बुटकी, रुंद, अंगात पांढरा एप्रन, थंडीच्या दिवसांत हातांत बोटं कापलेले लोकरीचे मोजे. तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. गिऱ्हाईक म्हणालं, 'जरा पातळ काप,' की ती विचारायची, 'किती पातळ? आरपार पेपर वाचायचाय का?' आणि तरी हॉलमधली सगळ्यात लांब रांग तिच्याच टेबलापुढे असायची.

टेबलं तिची दोन होती. भाडं दोन्हींचं भरायची, पण मंगळवारी आणि शनिवारी, म्हणजे ऐन बाजाराच्या दिवशी, दुसरं टेबल मांडायचीच नाही. त्यामागचं कारण ती कुणाला सांगत नसे; मी सांगतो. आमच्या हॉलमध्ये नव्या माणसाला, एके काळी फ्रीडालाही, जागा मिळायची एकच रीत होती. सकाळी माल घेऊन मागच्या दाराशी रांगेत उभं राहायचं. साडेआठला मार्केटचा मुकादम घंटा वाजवायचा. तोवर ज्याचं टेबल मांडलेलं नसेल, ते त्या दिवसापुरतं रांगेतल्या पहिल्याला द्यायचा. ओळख नको, मुलाखत नको. माल खपला तर पुढच्या बाजाराला पुन्हा या, नाही खपला तर घरी बसा, इतका साधा न्याय. फ्रीडाचं दुसरं टेबल रिकामं, म्हणजे एका तरी नवख्याची सोय हमखास. आणि जागा कुठली, तर चीजच्या रांगेला अगदी लागून, जिथं अख्खं गाव येऊन तिष्ठत उभं राहतं. कुणी विचारलंच तर फ्रीडा म्हणायची, 'मांडायचं राहिलं. वय झालं माझं.' हे ती चाळिशीत असल्यापासून म्हणत होती.

त्या टेबलावरून किती जण पुढे गेले! बुटांचं दुकान काढलेला एक, केकवाली एक, गावभर गालिचे घालत फिरणारे दोघे भाऊ. सगळ्यांनी आधी फ्रीडाच्या शिव्या खाल्ल्या. तिची मदत म्हणजे शिव्याच होत्या.

गेल्या वर्षी तिथं लिंझी केरशॉ आली. पस्तिशीची बाई, गाद्यांच्या कारखान्यात शिलाईवर होती. कारखाना बंद पडला आणि ही एक जुनं शिवणयंत्र घेऊन मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. कोटांच्या, बॅगांच्या, शाळेच्या दप्तरांच्या तुटलेल्या झिपा बदलून द्यायचा तिचा बेत होता. पहिल्या दिवशी बिचारी मान खाली घालून टेबलामागे बसली. फ्रीडा चीज कापता कापता ओरडली, "काय गं, लपून बसलीयेस का? कुणाचे पैसे बुडवलेयस?"

"नाही हो, शिवतेय."

"ते तुला माहीत. लोकांना काय दिसतंय? एक डोकं! ऊठ. यंत्र वर घे."

आणि स्वतःच चीजचे दोन रिकामे खोके आणून तिनं यंत्र त्यांवर चढवलं. तेव्हापासून लिंझी उभ्यानं शिवायला लागली. तिचे हात कसे चालतात ते बघायला चीजच्या रांगेतली माणसं माना वळवायची. वर फ्रीडा गिऱ्हाइकांना टोमणे मारायचीच. "कोट असा उघडा टाकून हिंडतोयस, न्यूमोनिया हवाय का? शेजारी टाक तो. बटाटे घेऊन येईस्तोवर झिप बसलेली असेल."

तिसऱ्या का चौथ्या शनिवारी लिंझीचा हात दुपारपर्यंत थांबला नाही. संध्याकाळी आवराआवर करताना ती आनंदानं म्हणाली, "आज तर कमालच झाली!"

फ्रीडानं तिला दंडाला धरून माझ्या ठेल्यामागे आणलं. "मोठ्यानं काय बोलतेस? पलीकडे सिरिल बसलाय ना, त्याचा सकाळपासून एक कंद गेलेला नाही. त्याच्या कानाशी कमाल झाली म्हणून नाचतेस? लाज आहे का काही?"

सिरिल म्हणजे फुलझाडांचे कंद आणि बिया विकणारा आमचा म्हातारा. त्याचा तो हिवाळा फार वाईट चालला होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

लिंझी ओशाळली. "मग विचारलं कुणी तर काय सांगायचं?"

"रडतखडत चाललंय म्हणायचं. कुणीही विचारलं तरी. देवानं विचारलं तरी!"

ही फ्रीडाची एकटीची शिकवण नव्हती, आमच्या सगळ्या हॉलचीच रीत होती. धंदा कसाय म्हटलं की 'मेलाय', 'रडतोय', 'जगतोय कसाबसा'. टेबलं टाकून भरपूर कमावलेला माणूसही असंच बोलणार. शेजाऱ्याचा दिवस कोरडा गेला असेल तर त्याच्यासमोर आपला गल्ला वाजवू नये, एवढी साधी माणुसकी त्यात होती. बाहेरच्याला मात्र ती कळणार नाही. आणि एक दिवस बाहेरचाच आला.

कौन्सिलनं, म्हणजे आमच्या नगरपालिकेनं, हॉलचं काय करायचं ते ठरवायला सल्लागार नेमले होते. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट घेतलेला एक गोड चेहऱ्याचा तरुण टेबला-टेबलाशी जाऊन विचारू लागला, "व्यवसाय कसा चाललाय?" त्यानं मला विचारलं, मी म्हणालो, "मेलाय." सिरिल म्हणाला, "मेलाय." त्याचं खरंच होतं. फ्रीडापुढे अर्धा डझन माणसांची रांग, त्या रांगेतच तो उभा, आणि ती सुरी पुसत म्हणते, "इथं रोज अंत्ययात्राच असते बाळा. हे घे, खाऊन बघ. उपाशी दिसतोस." त्यानं चीज खाल्लं, छान आहे म्हणाला, आणि बोटानं टपटप करून 'अंत्ययात्रा' लिहून घेतलं. रांग त्यानं मोजली नाही. उंटावरून शेळ्या हाकायला आलेल्याला खाली शेळ्या आहेत की नाहीत हे बघायची गरज वाटत नसावी.

दोनेक महिन्यांनी बातमी आली. मार्केट हॉल बंद. दुकानदार स्वतःच म्हणतात की बाजार मेला, मग तो चालवायचा कशाला? त्या जागी नव्या उद्योजकांसाठी केंद्र होणार होतं. त्याचं नाव 'ठिणगी'. काचेच्या खोल्या, कॉफीचं यंत्र, मार्गदर्शक, व्याख्यानं. नव्या माणसाची कल्पना ऐकून एक समिती त्याची निवड करणार. म्हणजे ज्या एकाच दारातून गावातला नवा माणूस कुणाचीही परवानगी न मागता आत येत होता, ते दार नव्या माणसाच्या नावानं बंद होणार होतं. आणि हे करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर काय समाधान! आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय?

फक्त कौन्सिलच्या सभेत त्यावर मतदान व्हायचं बाकी होतं. बातमीनंतर तिसऱ्या दिवशी फ्रीडा लिंझीला म्हणाली, "सभेला यायचं. तू पण. सिरिल पण. सगळे."

टाउन हॉलमधली सभा गच्च भरली होती. कौन्सिलर ग्रेशम मधे बसला होता. माणूस सभ्य, गुलाबी, कुणावरही आवाज न चढवणारा. मला असल्या माणसांची भीती वाटते. तिथं नुसता सोपस्कार होता असं मात्र नाही. कौन्सिलमधली तीन-चार माणसं डळमळीत होती, त्यांतल्या एकीनं मला दारात सांगितलंही, 'आकडे नकोत, मला तुमच्यातल्या कुणाकडून ऐकायचंय.'

फ्रीडा उभी राहिली. आज एप्रन नव्हता, डोक्यावर टोपी होती.

"बाजार मेलेला नाही," ती म्हणाली.

ग्रेशमनं कागद चाळले. "मिसेस एन्टविसल, इथं तुमचेच शब्द आहेत. अंत्ययात्रा."

"म्हटलं असेन. खोटं होतं ते."

सभेत थोडं हसू पसरलं. आपलेच दात आपलेच ओठ म्हणतात ते त्या घटकेला मला दिसलं. पण ती डगमगली नाही. तिचा चेहरा लालबुंद झाला. जन्मभर जे तोंडातून काढलं नव्हतं ते तिनं भर सभेत काढलं. "माझा धंदा चांगला चालतो. फार चांगला चालतो. नेहमीच चालत होता." बोलताना ती आमच्यापैकी कुणाकडेही बघत नव्हती. मग म्हणाली, "माझं सोडा, मी आज आहे उद्या नाही. माझ्या दुसऱ्या टेबलावरून सुरुवात केलेली माणसं इथं बसलीयेत. उभं राहा रे."

बुटांवाला होता. केकवाली होती. गालिचेवाले दोघेही होते. कुणी उठलं नाही! चारचौघांत उठून उभं राहायचं, मी मोठा झालो म्हणून मिरवायचं, हे आमच्याकडे नागडं होण्यासारखं वाटतं. सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले. मला त्या वेळी एकेकाची मानगूट धरून उठवावंसं वाटत होतं.

फ्रीडा वळली. "लिंझी, तू सांग पोरी. तुझा धंदा कसा चाललाय?"

लिंझी उठली. निदान ती तरी उठली. कौन्सिलची ती डळमळीत बाई पुढे झुकून तिच्याकडे बघू लागली. लिंझीच्या एका बाजूला फ्रीडा, दुसऱ्या बाजूला गुडघ्यावर टोपी ठेवून बसलेला सिरिल. लिंझीनं तोंड उघडलं. एकदा सिरिलकडे बघितलं. शनिवारी तिच्याकडे इतकं काम यायचं की उरलेलं घरी नेऊन शिवावं लागायचं. हे मला माहीत होतं, फ्रीडाला माहीत होतं.

"चाललंय," ती म्हणाली. "रडतखडत."

ग्रेशम हळुवारपणे म्हणाला, "प्रामाणिकपणाबद्दल आभारी आहे." त्यानंतर हॉल बंद करायच्या बाजूनं हात वर झाले. त्या डळमळीत बाईचाही झाला.

बाहेर पायऱ्यांवर लिंझी हुंदके देत होती. "मला नाही बोलता आलं. सिरिल शेजारी होता. तुम्हीच म्हणाला होतात..."

सिरिल भडकला. त्याला भडकलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. "मी काय बहिरा आहे? तुझं यंत्र दिवसभर खडखडत असतं, ते मला ऐकू येत नाही? मला काय वाईट वाटणार होतं त्यात! त्याच्यामुळेच तर माझ्याकडे माणसं थांबायची. सांगायचं होतंस ना, मूर्ख पोरी!"

आता फ्रीडा तिला सोलणार असं मला वाटलं. पण तिनं सिरिललाच दटावलं. "तिला रागवायचं नाही. तिला मुकी मी केली." आणि टोपी काढून ती बसस्टॉपकडे निघाली.

हॉल बंद झाला. सिरिल घरी बसला. लिंझीनं 'ठिणगी'च्या समितीपुढे जाऊन पाहिलं. तुमची कल्पना छोटी आहे, म्हणाले, वाढीला वाव नाही. आता ती हमरस्त्यालगतच्या गोदामात पार्सलं भरते. तिला विचारलं तर म्हणते, चाललंय. गावात झिप तुटली तर लोक कोट फेकून देतात.

केंद्र उघडल्यावर पहिल्याच शनिवारी फ्रीडा तिथं गेली. मी बरोबर होतो, कारण ती काय करील याचा मला भरवसा नव्हता. आत सगळं चकचकीत. काचेच्या एका खोलीत सहा-सात माणसं भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवत होती. विकायला कुठं काही नव्हतं, घ्यायला कुणी आलेलं नव्हतं. दाराशी स्वागताला बसलेल्या मुलीनं हसून विचारलं, "काय मदत करू?"

"एक टेबल हवंय," फ्रीडा म्हणाली.

"बसायला?"

"विकायला. शनिवारपुरतं. शिवणयंत्रवाली एक बाई आहे."

"टेबलं आम्ही देत नाही हो. पण त्यांना आमच्या सहा आठवड्यांच्या वर्गात घालता येईल. आत्मविश्वास, मांडणी, सगळं शिकवतात."

"गिऱ्हाईक कुठून येतं तिथं?"

पोर भली होती, तिच्यावर काय ओरडणार? कॉफी घेता का म्हणाली. फ्रीडानं नको म्हटलं. मग काहीतरी चांगलं बोलावं म्हणून ती मुलगी म्हणाली, "तुम्हीही व्यवसाय करत होता ना? तुमच्या वेळी असं काही असतं, तर किती बरं झालं असतं!"

फ्रीडानं त्या काचेच्या खोलीकडे बघितलं.

"मला टेबल मिळालं होतं," ती म्हणाली.