घोड्यामागचा टोपीवाला

संग्रामपूरच्या बाजारातून सातपुड्यातल्या आमच्या कोरकू वस्तीकडे येणाऱ्या जंगलवाटेवर, एका आंब्याखाली आमची मेलेली माणसं उभी असतात. म्हणजे त्यांचे सागवानी खांब. वर चंद्र-सूर्य, खाली घोड्यावर बसलेला गेलेला माणूस. जाता-येता म्हातारी माणसं एकेका खांबापाशी थांबून त्याची गोष्ट पोरांना सांगायची. नियम एकच. खांबावर कोरायचा तो मेलेलाच. आणि खांब रोवला नाही तर मेलेला पितरांत जात नाही, घराभोवती भटकत राहतो.

माझा बा गेला तेव्हा महाराष्ट्र नवा होता, नाकेदार मात्र जुनाच. जंगलखात्याचा हा माणूस आठवला की आजही माझं तोंड कडू होतं. कोंबडी आमची, लाकडं फोडायची आम्ही, आणि वर शिव्याही आम्हीच खायच्या. बानं जन्मभर त्याची ओझी फुकट वाहिली. शेवटचं वाहिलं ते अंगात ताप असताना. घरी येऊन पडला तो उठलाच नाही.

मामानं खांब कोरला. आम्ही तो खांद्यावर घेऊन निघालो, तर नाकेदारानं नाक्यावर अडवलं.

"सागवान सरकारचं हाये, तुह्या नवऱ्याचं नाही," तो मायला म्हणाला. खांब त्यानं भिंतीला टेकवून ठेवला आणि त्यावर आपला ओला टॉवेल वाळत घातला.

माय रोज जाऊन हात जोडायची. मला त्या जोडलेल्या हातांचा संताप यायचा. मग एके सकाळी ती मामाला पटाशीसकट सोबत घेऊन गेली.

"थोडं काम राह्यलं, साहेब. करू द्या."

घोड्यामागं चालणारा एक माणूस कोरायला तिनं सांगितलं. डोक्यावर टोपी, पाठीवर ओझं. मामाचा हात थांबला. माय आमच्या बोलीत एवढंच म्हणाली, "कोर."

काम होत आलं तसा नाकेदार बघायला आला. "हा कोण बे?"

मामानं मायकडे पाहिलं. माय म्हणाली, "तुम्ही, साहेब."

त्यानं स्वतःची टोपी चाचपली. "टोपी बराबर जमली. अन् हे पाठीवर काय?"

"तुमचंच सामान."

गडी खूश झाला. म्हणाला, "जा घेऊन."

बा आंब्याखाली उभा राहिला. पुढं कोणी बडे साहेब जंगल बघायला आले की नाकेदार त्यांना मुद्दाम त्या वाटेनं आणायचा आणि खांबावर बोट ठेवून सांगायचा, "हा मी." खांबाचा नियम त्याला आमच्यातल्या कोणी सांगितला नाही. मला त्याची दया आली नाही, अजूनही येत नाही.

पितरांच्या दिवशी माय बाच्या घोड्यापुढं मोहाच्या दारूची धार सोडायची, मग थोडी मागच्या टोपीवाल्यापुढंही. एकदा तो स्वतःच तिथं उभा होता.

"मले बी देऊन राह्यली काय?" तो हसत म्हणाला.

"हाव, साहेब. आता दरसाल तुमचा वाटा हाये," माय म्हणाली आणि पुढच्या खांबाकडे गेली.