गोदावरम्माची पुस्तकं

प्रभावतीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली ती एका शनिवारी, पहाटेच्या शिफ्टच्या बसमध्ये. आणि बस तर तेव्हा भोसरीच्या सिग्नलला उभी होती.

आधी त्या बसचा रिवाज सांगायला हवा. रहाटणीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या या बसमध्ये दर शनिवारी एकाने ड्रायव्हरमागे उभं राहून आपल्या आवडत्या लेखकाबद्दल बोलायचं. भाषा कुठलीही चालेल, अनुवादही चालेल, रहस्यकथा असो नाहीतर कविता. अट एकच: एकाने सांगितलेला लेखक दुसऱ्याने घ्यायचा नाही. तो त्याचाच झाला, पुढच्या पाळीला त्याने त्याच लेखकाचं दुसरं पुस्तक सांगायचं. अकरा वर्षांपूर्वी बाई वायरिंगच्या लाइनवर लागल्या. त्यांची पाळी येईपर्यंत त्यांनी वाचलेले चारही लेखक लोकांनी पळवले होते. बाई उभ्या राहिल्या आणि तोंडातून निघून गेलं, "माझी लेखिका तेलुगू आहे. गोदावरम्मा."

गोदावरम्मा काळेवाडीच्या रस्त्यावर इडल्या विकायची.

बरं, थाप मारली ती मारली, तिथेच थांबावं की नाही! पण त्या दिवशी सुचेल तशी रचलेली गोष्ट लोकांना इतकी आवडली की बाई अकरा वर्षं गोदावरम्माची पुस्तकं सांगत राहिल्या. ओल्या सिमेंटवर बोटाने अक्षरं गिरवत लिहायला शिकलेल्या बिगारणीची गोष्ट ऐकून तर अख्खी बस रडली होती. ती बिगारीण म्हणजे बाईंची आई. वाकडच्या इमारतींवर तिने जन्मभर घमेली वाहिली होती. लाइनवर बाईंना कोणी फारसं विचारत नसे, पण बसमध्ये त्यांच्यासाठी खिडकीची जागा राखलेली असे. महिनाअखेर त्या निवृत्त होणार होत्या, आणि या बसमधल्या मानाखेरीज घरी नेण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं.

त्या शनिवारी नव्याने लागलेली तेजल उठली. पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं.

"मावशी, निरोपाला तुम्हाला गोदावरम्मांची सगळी पुस्तकं द्यायची म्हणून मी महिनाभर शोधतेय. नेटवर नाहीत. हैदराबादच्या दुकानांना फोन केले. ते म्हणतात, अशी लेखिकाच नाही."

अकरा वर्षं गेली, सगळं गेलं, एवढंच बाईंना कळत होतं.

"कोन म्हंतंय न्हाई?" मागून आवाज आला. मोशीला राहणारे सावळाराम, पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमधले जुने कामगार. बसमध्ये त्यांचा लेखक कानडी, मल्लेशप्पा नावाचा. "आमच्या वाचनालयात हाय की तिचं पुस्तक. म्या वाचलंय. एकटीनं हीर खंदणारी बाई हाय त्यात."

आणि त्यांनी चाकणपर्यंत ती विहिरीची गोष्ट सांगितली, त्या बाईच्या कुत्र्याच्या नावासकट. प्रभावतीबाई आ वासून ऐकत राहिल्या. ही गोष्ट त्यांनी कधीच सांगितली नव्हती!

गेटवर त्यांनी सावळारामांना गाठलं. "भाऊ, ते पुस्तक..."

"न्हाई तसलं काय."

"मग तुम्ही एवढं धडधडीत..."

"ताई, आमचा मल्लेशप्पा बी न्हाई. आपल्या कंपनीत माल घिऊन यायचा, त्या ट्रकचा डायवर त्यो."

बाईंना असा संताप आला! "अहो, त्याच्यासाठी मी तीन वाचनालयं पालथी घातली. चिंचवडच्या ग्रंथपालाशी भांडले. मला वाटायचं, खोटी मी एकटीच."

"मला बी तसंच वाटायचं," सावळाराम खाली मान घालून म्हणाले. "आज तुमचा चेहरा बघितला, तवा कळलं."

पुढचा शनिवार बाईंचा शेवटचा. आठवडाभर त्यांना झोप लागली नाही. सावळारामांनी झाकलं होतं, गप्प बसलं असतं तरी निभावलं असतं. पण पोरगी अजून दुकानांना फोन करत होती, तेही मोशीच्या त्या विहिरीच्या पुस्तकाबद्दल विचारून विचारून. शनिवारी बाई ड्रायव्हरमागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गोदावरम्मा इडल्या विकते. तिने एक ओळ लिहिलेली नाही. मी तुम्हाला अकरा वर्षं फसवलं."

तेवढ्यात सावळाराम मागून उठले, दांड्याला धरत धरत पुढे आले आणि मान खाली घालून बाईंच्या शेजारी उभे राहिले. मागच्या बाकांवरचे दोघेतिघे एकाएकी खिडकीबाहेर बघू लागले.

तेजलचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मग ती बिगारीण, मावशी? सिमेंटवर लिहिणारी? तीपण नव्हतीच?"

"होती. माझी आई होती ती."

"आणि तिच्या गोष्टीचं पुस्तक?"

"ते अजून कुणी लिहिलेलं नाही, बाळा," प्रभावतीबाई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते ऐकून त्यांचा त्यांनाच धक्का बसला.